तारप्यापुढे गायलेलं कोरडं गाणं

जांभूळपाडा, वांगणी
२२ मे २०२३

चि. हेमंत यास,

आशीर्वाद. बाबांची तब्येत बरी आहे, माझीही. पेरणीसाठी राब भाजून झाले, आता सगळा पाडा आभाळाकडे बघत बसला आहे. तुझं ठीक असेल असं धरून चालते, कारण तू आपणहून कधी कळवत नाहीस.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "ताई, ऐक तर" म्हणतोस आणि पुढे स्वतःच बोलत राहतोस. शिवाय इथे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं आणि तिथे निम्मा पाडा कान लावून बसलेला असतो. कागद कुणाला मध्येच थांबवता येत नाही.

परवा तू जीप घेऊन आलास, बाबांसमोर बिस्किटांचे पुडे ठेवलेस, मोबाइलवर कुठल्या कुठल्या कार्यक्रमांची चित्रं दाखवलीस आणि चहा निवायच्या आत त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलंस. मी नेमकी पाण्याला गेले होते. परत आले तर तू निघून गेला होतास आणि बाबा आढ्याला टांगलेल्या तारप्याकडे बघत बसले होते.

"पोऱ्या बोलतो, पावसासाठी वाजवायचा हाय," ते म्हणाले.

"आणि पाड्याला काय सांगणार?"

"पाड्यात कुठं वाजवतोय? दाभोशाच्या धबधब्याला वाजवायचा."

म्हणजे पळवाटही तूच शिकवून गेलास.

भात पोटरीला येऊन पिकेपर्यंत आपल्याकडे तारपा खाली काढत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. नवा दाणा घरात येतो त्या नव्याच्या दिवशी खळ्यावर पहिली फुंकर, तोवर नाही. तू म्हणशील की ही अंधश्रद्धा. असेल. मी शाळेत मुलांना यापेक्षा मोठ्या अंधश्रद्धा सोडायला लावल्या. पण तारपा बाबांच्या घरात टांगलेला असला तरी तो एकट्या बाबांचा नाही. पाडा त्याच्यापुढे नाचतो. तो कधी वाजवायचा हे ठरवण्याचा हक्क तुला कुणी दिला?

हवामान बदलतं आहे हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. उभा जन्म भूगोल शिकवला. दाभोशाच्या नदीला पूर्वी मे महिन्यात किती पाणी असायचं आणि आज किती आहे, ते मी डोळ्यांनी पाहते. गाण्याने शहरातले लोक जागे होणार असतील तर अवश्य गा. गळा तुझा आहे, तो वापर. तारप्याचा आवाजच हवा असेल तर तो तुझ्याकडे आहे. दर वर्षी नव्याच्या दिवशी बाबा मला म्हणतात, "मोबाइलात धर, हेमंतला धाड," आणि मी धरून धाडते. त्यातलं वाजव. माणसाला उचलून नेण्याची गरज नाही.

पाच जूनला, तुझ्या त्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमाला, जीप पाठवू नकोस. पाठवलीस तर बाबा तीत बसतील, हे मला माहीत आहे. म्हणूनच पाठवू नकोस.

नागलीचं पीठ भिकाच्या चंदूबरोबर देते आहे, तो ठाण्याला कामावर परत निघालाय. डबा रिकामा का होईना, परत पाठव. मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

तुझी ताई,
प्रमिला

•

जांभूळपाडा
३० ऑगस्ट २०२३

हेमंत यास आशीर्वाद.

तुझे मोबाइलवरचे निरोप टेकडीवर गेल्यावर एकदम मिळाले. गाणं लाखो लोकांनी ऐकलं, कुठल्या कॉलेजच्या मुलांनी ते ऐकून टेकडीवर झाडं लावली, तुला दिल्लीला बोलावलं आहे. वाचलं. आनंद आहे.

तू विचारलंस की बाबा फोनवर का येत नाहीत. सांगते.

यंदा पाऊस उशिरा आला, जुलैत झोडपून काढलं आणि ऑगस्ट लागल्यावर जो गेला तो आजतागायत नाही. खालच्या खाचरांत थोडा ओलावा आहे. वरच्या माळावरचं भात पिवळं पडून वाळलं, नागलीची रोपं हातात घेतली की चुरा होतो. भिकाचं सगळं शेत वरच आहे. तो रोज सकाळी जातो, बांधावर बसतो आणि परत येतो. पाड्याचा कारभारी असा मुकाट बसलेला मी कधी पाहिला नव्हता. आता मुकाट नाही.

पाच जूनचा कार्यक्रम मीही पाहिला, हे तुला सांगितलं नव्हतं. बाबा जीपमध्ये बसले, मग मीही बसले. भिका, बायडी आणि पाड्यातले आणखी काही जण दुसऱ्या जीपमधून आले. तूच बोलावलं होतंस, "आपली माणसं हवीत" म्हणून. धबधबा सुतळीएवढा झाला होता. त्याच्यासमोर तू जनरेटर लावलास, पर्यावरण वाचवायला आलेल्या लोकांनी पाण्याच्या बाटल्या दगडांत फेकल्या, आणि शहरातली मुलंमुली बूट घालून बाबांभोवती नाचली. हे सगळं पाड्याने गिळलं. शहराच्या माणसांना आपण खूप माफ करतो. तारपा अवेळी वाजला, तेही कदाचित गिळलं असतं. दंड म्हणून एखादं कोंबडं मागून विषय संपला असता.

पण तू गायलास काय?

"नदी कोरडी, कणीस पोकळ, कणगी रिकामी, चूल विझलेली." बाबा फुंकताहेत आणि त्यांच्या शेजारी माइकवर त्यांचाच मुलगा हे परत परत म्हणतो आहे. समोरचे लोक डोळे पुसत होते. मी बायडीकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला होता. मला वाटलं तीही रडते आहे.

तारप्यापुढे भरलेलंच गायचं असतं, हेमंत. कणीस भरलं, कणगी भरली, पोरंबाळं भरली. तारपा वाजतो तेव्हा धान्याची देवी कणसरी दाण्यात उतरते, आणि त्या वेळी कानावर पडेल ते ती खरं करते. म्हणून नाचताना कुणी भांडत नाही, कुणी उपाशी आहे असंही म्हणत नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू आश्रमशाळेत वाढलास, पाहुण्यासारखा येऊन जायचास. शहराला घाबरवायला तू जे लिहिलंस, ते शहराने गाणं म्हणून ऐकलं. पाड्याने ते शाप म्हणून ऐकलं.

आणि ते खरं ठरलं. ओळ न् ओळ. तू इतका चांगला अंदाज बांधला नसतास तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात बैठक झाली. मी उभी राहिले. समुद्र तापतो, वारे बदलतात, पावसात असे खंड पडतात, दाभोशाला तारपा वाजला नसता तरी हेच झालं असतं, असं मी सातवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. भिकाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "प्रमिलाबाय, तुझा भाव पन हेच बोलला ना माइकात? पानी जाईल, भात जाईल. बोलला का नाय?"

"बोलला."

"आन् गेला. मंग त्याला आधी कसा ठावूक? तू तरी सांग."

माझ्याकडे उत्तर होतं. ते शाळेतलं उत्तर होतं. मी खाली बसले.

आता बाबांचं. लावणीला कुणी आलं नाही, कारण तेव्हाच कुजबुज सुरू झाली होती. मी आणि मुकेश, काकाचा मुलगा म्हणून तो आला, आम्ही दोघांनी जमेल तेवढं लावलं. आता तर बाबा ज्या दगडावर बसतात तिथून लोक उठून जातात. विस्तव मागायला कुणी येत नाही आणि आमचा कुणी घेत नाही. बायडीने परवा भर वाटेत बाबांना बघून टाळ्या वाजवल्या. "गा ना माघ्या! कोरडा गा! आजून आमची हिर बाकी हाय!" म्हणजे विहीर आटायची राहिली आहे, तीही आटव. लहान मुलं हसली. बाबांनीही हसण्याचा प्रयत्न केला. ते पाहवलं नाही.

रुपी, शेजारची पोर, निंदताना तुझं गाणं गुणगुणत होती. चाल चांगली आहे, तोंडात बसते. बायडीने तिच्या थोबाडीत मारली. तुझ्या गाण्याचा इथे झालेला परिणाम हा एवढा आहे.

नव्याच्या दिवशी साखरशेतहून दुसरा तारपेवाला आणायचं घाटतं आहे. बाबांना कळलं आहे. जेवतात, झोपतात, पण गाल आत गेले आहेत. फुंकण्याने कायम फुगलेले असायचे ते गाल. आपल्याच खळ्यावर दुसऱ्याचा तारपा वाजताना त्यांनी घरात बसून ऐकायचा, ही वेळ मी येऊ देणार नाही. कशी, ते बघते.

तू येऊ नकोस. माफी मागायला तर मुळीच येऊ नकोस. तुझी माफीसुद्धा कुणीतरी मोबाइलमध्ये धरेल.

प्रमिलाताई

•

जांभूळपाडा
२० ऑक्टोबर २०२३

हेमंत,

आशीर्वाद का लिहिले नाहीत, ते पत्र संपेपर्यंत कळेल.

नव्याचा दिवस झाला. खालच्या खाचरांत थोडं भात मिळालं, वर काही नाही. भिका आणि त्याची बायको दिवाळीची वाट न बघता भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले आहेत. पाड्यातल्या भावेशने बैल विकले. तुला या गोष्टी गाण्यासाठी उपयोगी पडतील म्हणून लिहिते असं समजू नकोस.

तारपा बाबांनीच वाजवला. साखरशेतचा माणूस आला नाही.

तुझा निरोप मिळाला होता. तुला पुरस्कार मिळाला, आणि त्या लोकांना बाबांवर माहितीपट करायचा आहे, तू कॅमेरा घेऊन येतोस, बाबांना मंचावर शाल द्यायची आहे. "ताई, पाड्यालाही कळेल की बाबांनी काय मोठं काम केलंय." मी हे वाक्य टेकडीवर उभी राहून वाचलं. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

तुला यायचं नाही. आत्ता नाही, दिवाळीला नाही, कधीच नाही. चंदूला ठाण्यात गाठायचा प्रयत्न करू नकोस, तो बोलणार नाही. कारण सांगते.

सप्टेंबरमध्ये मी भिकाच्या घरी गेले. त्याने मला बसायला पाट दिला, चहा दिला, पण स्वतः आमच्या घरचा विस्तव लागल्यासारखा दूर बसला. मी विचारलं, "काय केलं म्हणजे बाबा खळ्यावर येतील?"

त्याने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "माघ्या माझ्या भावासारखा. माझ्या लग्नात त्यानंच वाजीवला. पन दोष घरात बसलाय, बाय. घरातला एक भायेर जाईल, तवा घर आत येल."

"एक म्हणजे?"

"ज्यानं गायला तो."

काडी मोडायची. शिवेवर, पाड्यासमोर, बाबांनी. हा माझा मुलगा नाही, याचं-आमचं तुटलं, याचं बोललेलं याच्याबरोबर शिवेपलीकडे गेलं. नवराबायकोची काडी मोडलेली तू पाहिली असशील. पोटच्या मुलाची मोडलेली मीही पाहिली नव्हती.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तारप्याला तोंड कुनाचा व्हता? माझा. पोऱ्याचा नव्हता. दोष माझा, मीच खाईन."

"मग खळ्यावर साखरशेतचा माणूस वाजवेल."

"वाजवू दे."

"तुम्हाला चालेल?"

ते उठले, तारपा आढ्यावरून काढला, मांडीवर घेतला, कापडाने पुसला आणि परत टांगला. मग दाराशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट चांगली केली, आणि ती त्याच्याकडून दोघे काढून घेत होते, पाडा आणि तू. पाड्याशी मला भांडता आलं नाही. उरलास तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकेश बाबांना जव्हारला डोळे दाखवायला घेऊन गेला. मीच पाठवलं. ते गेल्यावर मी शिवेवर गेले. भिका होता, बायडी होती, जवळजवळ सगळे होते. मी सांगितलं, बाबांना लाज वाटते म्हणून ते आले नाहीत, त्यांनी मला पाठवलंय, मी थोरली आहे. भिकाने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला कळलं असावं. पण त्यालाही तोडगाच हवा होता, खरं नको होतं.

"बोल मंग," तो म्हणाला.

मी बोलले. वर्गात हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने, स्पष्ट. हेमंत माघ्या भोये हा आमच्या घरचा नाही. त्याचं गाणं त्याच्याबरोबर. त्याचं पाणी, त्याचा विस्तव, त्याचं मरण त्याच्याबरोबर. मग गवताची काडी मोडून दोन तुकडे दोन बाजूंना टाकले. काडी वाळलेली होती, आवाज न होता मोडली. बायडी रडायला लागली. तिनेच तुला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. टाळ्या वाजवणारीही तीच. दोन्ही खरं आहे.

त्या संध्याकाळी बाबा परत आले तेव्हा बायडी विस्तव मागायला आली. बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग घाईघाईने चुलीतलं सगळ्यात मोठं लाकूड काढून द्यायला निघाले. हात भाजला. त्यांनी मला काही विचारलं नाही. पाड्याचा राग उतरला असं त्यांनी धरलं. म्हातारी माणसं मिळालेल्या गोष्टीची चौकशी करत नाहीत.

तुझ्याबद्दल मी त्यांना सांगितलंय की तू गाण्यासाठी परदेशात गेला आहेस आणि तिथून फोन लागत नाही, फक्त निरोप जातात-येतात. त्यांना अभिमान वाटला. पाड्यात कुणी तुझं नाव त्यांच्यासमोर काढत नाही, त्याला ते पाड्याचा चांगुलपणा समजतात. त्यामुळे तू फोन करायचा नाहीस. केलास तर तो मी उचलेन. तू इथे आलास तर बाबांना दोन गोष्टी कळतील, मुलगा मेलेला धरलाय आणि तो मुलीने मारलाय. त्यांना दोन्ही अपत्यं एका दिवशी गमवायला लावायची असतील तर ये. आणि त्याच दिवशी त्यांचा तारपा परत आढ्याला जाईल. पुन्हा खाली येणार नाही.

त्यांच्या मागे जे करायचं ते मुकेश करील. त्याला सांगून ठेवलंय.

तुला वाटत असेल की मी पाड्यासारखीच झाले. वाटू दे. तुझं गाणं खरं होतं, हे मला पाड्यातल्या कुणाहूनही जास्त कळतं. शहरात गात राहा. लोकांनी झाडं लावावीत, बाटल्या फेकू नयेत, एखाद्याने तरी ते ऐकून काहीतरी सोडावं. त्याची किंमत इथे चुकती झाली आहे, तेव्हा ते वाया घालवू नकोस. फक्त यापुढे तुझ्या कार्यक्रमात तारपा नको. मी पाठवलेले जुने आवाजसुद्धा नकोत. आमच्या घरचं काही वापरण्याचा हक्क तुला राहिलेला नाही.

आता नव्याच्या दिवसाचं, मग थांबते.

दुपारी भिका स्वतः आला आणि बाबांचा हात धरून त्यांना खळ्यावर घेऊन गेला. बाबांनी चुलीजवळ धरून तारप्याचं मेण मऊ करून घेतलं होतं, नवं धोतर नेसले होते. पहिली फुंकर फुकट गेली. दुसरीला सूर लागला, आणि बायडीने शेजारणीच्या कमरेला हात घातला. साखळी धरली गेली. गालांत पुन्हा वारा भरलेला दिसला. एवढ्याचसाठी हे सगळं केलं होतं, आणि ते मला मिळालं. कणगीत दाणा नसताना सगळे कणगी भरली असं गात होते, आणि कुणीही हसलं नाही.

मध्ये दम घ्यायला थांबले तेव्हा बाबांनी मला खूण केली. "मोबाइलात धर. हेमंतला धाड."

भिकाने मान दुसरीकडे वळवली.

मी मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. बटण दाबलं नाही. बाबांनी तारप्याचं तोंड मोबाइलकडे वळवलं, तुला नीट ऐकू यावं म्हणून आणखी जवळ आले, आणि फुंकायला लागले. तारपा वळला तशी सगळी साखळी त्याच्यामागून वळली. सगळा पाडा माझ्या हातातल्या त्या बंद काचेकडे तोंड करून नाचला. हात अवघडला तरी मी खाली घेतला नाही.

नंतर मी टेकडीवर जाऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, "गेला का?"

"गेला."

"काय बोलला?"

"खूप आवडलं म्हणाला."

पुढच्या वर्षी मी सांगेन की तू फक्त 'ऐकलं' म्हणालास. त्यापुढच्या वर्षी, बाबा असले तर, तू काहीच म्हटलं नाहीस असं सांगेन. असं सावकाश तोडलं की माणसाला तुटल्याचं कळत नाही. तुला एकदम सांगते आहे, कारण तू तरुण आहेस आणि तुला सोसेल.

उत्तर लिहू नकोस. पत्र आलं तर न उघडता परत करायला पोस्टमनला सांगितलं आहे. डबे ठेवून घे.

माघ्या भोये यांची एकुलती एक मुलगी,
प्रमिला